बारांपैकी चार हिरवे

१

बुधवारी सकाळी सारिकाचं भातखाचर मेलेलं सापडलं आणि, खोटं कशाला बोलू, पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. लाज दुसऱ्या क्षणी वाटली. पण पहिला क्षण तो पहिलाच.

मी अनिता शेलार. लोणावळ्यात राहते. मळवलीजवळ लोंबी प्रतिष्ठानचं छोटं भात संशोधन केंद्र आहे, तिथे संख्याशास्त्रज्ञ आहे. म्हणजे इतर शास्त्रज्ञ शेतात जे प्रयोग करतात त्यांची आखणी मी करून देते, आणि शेवटी आलेला आकडा खरा की योगायोग, तेही मीच सांगते. अकरा वर्षं हेच करतेय. या अकरा वर्षांत आमच्या केंद्राबाहेरच्या एकाही माणसाने मला काही विचारलेलं नाही.

सारिका ढोरे तीन वर्षांपूर्वी कंत्राटावर आली. वय चौतीस, भातावर डॉक्टरेट. आल्या आल्या तिने मोबाइल बांधावर उभा केला आणि चिखलात उभी राहून बोलायला लागली. रोपाचं मूळ कसं श्वास घेतं, युरिया कधी टाकू नये, असलं काहीबाही. तिचे साठ हजार फॉलोअर्स झाले. लोणावळ्याच्या ज्या दुकानातून मी वीस वर्षं चिक्की घेत होते, त्याच्या मालकाने एकदा विचारलं, "तुम्ही सारिका मॅडमच्या केंद्रात असता ना?" तेव्हापासून मी दुकान बदललं.

या हंगामात तिने दहा गुंठ्यांच्या खाचरात नवी पद्धत लावली होती. बारा दिवसांची कोवळी रोपं, एका जागी एकच, आणि पाणी बेताचं. दर रविवारी ती त्या खाचरातून लाइव्ह यायची. परंदवडीपासून वडगावपर्यंतचे शेतकरी ते खाचर स्वतःचं असल्यासारखं बघायचे. गेला आठवडाभर ती कोकणात कार्यशाळेला गेली होती. पावसात तिकडे आमच्यापैकी कुणी फिरकलं नव्हतं. परत आली तर खाचर करपलेलं.

"शनिवारी विश्वस्त येणार आहेत," ती म्हणाली. चेहरा पांढरा पडला होता. "कंत्राट महिनाअखेर संपतंय. पद्धत फसली असं दिसलं तर चॅनेल बंद आणि मी घरी. ताई, कशाने मेलं ते तुम्ही शोधा."

"मीच का?"

"तुम्हाला मी आवडत नाही, म्हणून. बाकीचे मला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगतील."

मी चपला काढून बांधावर चढले. शेजारीच आमचे सगळ्यात ज्येष्ठ शास्त्रज्ञ, डॉ. हौशीराम गराडे, छत्री धरून उभे होते. तीन महिन्यांनी निवृत्त होणार होते. एरवी कुणाचं काही बिघडलं की "मी म्हटलं नव्हतं?" हे वाक्य त्यांच्या तोंडात तयार असायचं. आज ते गप्प होते.

मी खाचराकडे पाहिलं. सगळं मेलेलं नव्हतं. मधेमधे हिरवे तुकडे होते आणि त्यांच्या कडा पट्टीने आखल्यासारख्या सरळ होत्या. रोग पसरतो तो वेडावाकडा. तो कोपरे धरून चालत नाही.

"सारिका," मी म्हटलं, "हे कुणीतरी केलंय."

२

सारिका खाली बसली आणि तिने चिखलात हात घातला. बाई हुशार आहे, हे मला मान्य करावं लागतं. दोन मिनिटांत ती म्हणाली, "तण बघा, ताई. जिथे भात मेलाय तिथे तणही मेलंय. जिथे भात हिरवा आहे तिथे तण गुडघ्याएवढं माजलंय."

म्हणजे तणनाशक. कुणीतरी फवारलं होतं आणि हिरवे तुकडे सोडून फवारलं होतं.

पुढचं काम माझ्या हातचं होतं. भर पावसात तणनाशक फवारून उपयोग नसतो, धुऊन जातं. आमच्याकडे पर्जन्यमापकाची तासातासाची नोंद असते. मागच्या दहा दिवसांत मावळात पावसाने श्वास घेतला नव्हता, फक्त आदल्या आठवड्याच्या मंगळवारी दुपारी दोन ते सहा आभाळ उघडलं होतं. पानं करपायला आठ दिवस लागले, हेही जुळत होतं. जे काही झालं ते त्या चार तासांत झालं.

शेतावर काम करणाऱ्या येसूबाईंना मी गाठलं. साठीच्या, पण नजर घारीची.

"मावशी, त्या मंगळवारी दुपारी खाचरात कोण होतं?"

"आमी समद्या बायका पल्याड वरच्या वावरात गेलतो. कोन आलं न्हाई म्हाईत. पर पंप म्या बघितला."

"कुठला पंप?"

"पाठीवरला, फवारायचा. सांजच्याला खोलीत उलटा टांगला व्हता, निथळत. लय धुतलेला, बाई. आमची मान्सं पंप वापरत्यात अन् तसाच फेकत्यात. असा न्हाऊमाखू घातलेला पंप म्या जल्मात बघितला न्हाई." मग त्या जवळ आल्या. "अन् बांधाला भोकं हायती. म्हनलं, खेकड्याची असत्याल. पर खेकडा काय मोजून भोकं पाडतोय व्हय?"

मी जाऊन पाहिलं. बांधावर सारख्या अंतरावर खुंट्या ठोकून काढल्याच्या खुणा होत्या. कुणीतरी सुतळी ताणून खाचराचे चौकोन पाडले होते. चार चार चौकोनांच्या तीन ओळी, एकूण बारा. त्यातले आठ करपलेले आणि चार हिरवे.

मी परत आले तेव्हा सारिका माझ्या टेबलाशी उभी होती. तिने नजर न चुकवता विचारलं, "ताई, तुम्ही तर नाही ना?"

३

मी नव्हते. पण मी चिडलेही नाही, कारण प्रश्न रास्त होता. त्या मंगळवारी दुपारी मी टेबलावर होते आणि माझा साक्षीदार कुणी नव्हता. निदान मला तसं वाटत होतं.

पहिला संशय अबरारवर जात होता. अबरार मुलाणी, वडगावचा, अठ्ठावीस वर्षांचा, केंद्रात रिसर्च फेलो. सारिकाचे सगळे व्हिडिओ तो काढतो, तोच कापतो, तोच त्यावर संगीत चढवतो. नाव मात्र होतं सारिकाचं. सहा महिन्यांपूर्वी त्याने मातीतल्या जिवाणूंवर स्वतःचं चॅनेल काढलं होतं. त्याचे फॉलोअर्स दोनशे बारा, त्यातले निम्मे मुलाणी.

"तुला तिचा राग येतो का रे?" मी सरळ विचारलं.

"येतो, मॅडम," तोही सरळ म्हणाला. "मी चार तास बसून एक व्हिडिओ कापतो. लोक खाली लिहितात, 'मॅडम किती छान समजावतात.' मॅडमनी समजावलेलं निम्मं मी काढून टाकलेलं असतं, म्हणून तर छान वाटतं."

"मंगळवारी दुपारी कुठे होतास?"

त्याचा चेहरा लाल झाला. "लोणावळ्याला. एका कॉलेजमध्ये. तिथून माझं लाइव्ह होतं, दोन ते साडेपाच."

"कुणी पाहिलं?"

"अकरा जण होते," तो पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला. "पण ते खरंच लाइव्ह होतं का, आधी काढून ठेवलेलं लावलं नव्हतं कशावरून, असं तुम्ही म्हणालात तर माझ्याकडे उत्तर नाही. एकानेच प्रश्न विचारला होता. 'सह्याद्री फूल' म्हणून कुणीतरी आहे. 'जिवाणूंची संख्या कशी मोजली, नमुने किती घेतले?' मी लगेच उत्तर दिलं. त्या माणसाला शोधून काढलंत तर मी सुटलो. पण खोट्या नावाचा माणूस कुठे शोधणार?"

मी खिडकीबाहेर बघितलं. 'सह्याद्री फूल' म्हणजे मी होते.

होय, मी बघते. सगळ्यांचं बघते, खोट्या नावाने. सारिकाचा एकही व्हिडिओ मी सोडलेला नाही, काही तर तीनतीनदा पाहिलेत. जळायचं तर नीट माहिती घेऊन जळावं. अबरारने माझ्या प्रश्नाला माझं नाव घेऊन, म्हणजे फुलाचं नाव घेऊन, तिथल्या तिथे उत्तर दिलं होतं. मागे कॉलेजचा फळाही दिसत होता. तो लोणावळ्यातच होता.

"तू नाहीस," मी म्हटलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"कळलं म्हणजे कळलं." मी उठले. मान ताठ ठेवली, पण कान तापले होते. अबरार माझ्याकडे फार वेळ बघत राहिला.

४

दुसरा संशय वडगावच्या सत्यम म्हाळसकरवर. त्याचं बियाणं आणि औषधांचं दुकान आहे. सारिकाने त्रेचाळीस सेकंदांचा एक व्हिडिओ टाकला होता, 'कोवळ्या रोपांवर तणनाशक मारू नका, पुस्तिकेतल्या मात्रेनेसुद्धा रोप जळतं. तण यंत्राने काढा.' तीन लाख लोकांनी पाहिला. तेव्हापासून सत्यम तिचं नाव निघालं की दात खायचा. शिवाय त्या मंगळवारी तो केंद्रावर येऊन गेल्याचं फाटकावरच्या रखमाजीने मला सांगितलं होतं.

गुरुवारी मी त्याच्या दुकानात गेले. पावसाने गिऱ्हाईक नव्हतं. सत्यमने स्टूल पुढे केलं.

"आलो होतो की. हौशीराम सरांकडे. दहा वर्षं सरांची पुस्तिका बघून माल विकला आम्ही. म्हटलं, सर, तुम्ही काहीतरी बोला, त्या बाईंना उत्तर द्या. सर म्हणाले, 'देणार आहे.' एक वाजता निघालो मी, तेव्हा पाऊस पडत होता."

"आणि तुझ्या मनात नाही आलं, आपणच उत्तर द्यावं?"

तो हसला. "ताई, राग तर एवढा आहे की विचारू नका. माझ्या घरात माझी बायको त्यांचे व्हिडिओ बघते, माझ्याच मोबाइलवर! पण मला एक सांगा. मला खाचर मारायचं असतं तर मी आख्खं मारलं असतं. गावभर बोलतायत ते चार हिरवे तुकडे जिवंत ठेवून मला काय मिळालं?"

मी स्टुलावरून उठले ती तशीच बाहेर पडले. छत्री दुकानातच राहिली.

बरोबरच होतं त्याचं. ज्याला नासधूस करायची तो चार तुकडे वाचवण्यासाठी सुतळी ताणत बसत नाही. खुंट्या ठोकून, मोजून, चार चौकोन मुद्दाम न फवारता सोडणारी माणसं जगात एकाच जातीची असतात. आम्ही. औषध मारलेलं आणि न मारलेलं शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. न मारलेल्याला आम्ही कंट्रोल म्हणतो. कंट्रोल नसलेला प्रयोग आमच्या दृष्टीने प्रयोगच नाही, नुसता दंगा.

तो पंप इतका धुणाराही आमच्यातलाच. म्हणजे हे खाचर कुणी मारलं नव्हतं. त्यात कुणीतरी प्रयोग केला होता.

५

शुक्रवारी सकाळी मी कागदावर बारा चौकोन काढले, ओळीने आकडे टाकले आणि हिरवे चौकोन रंगवले. तीन, चार, सहा, अकरा.

माणूस मनाने चार जागा निवडतो तेव्हा त्या लांब लांब निवडतो. तीन आणि चार असे शेजारी शेजारी तो कधीच घेत नाही. ते चिठ्ठ्या टाकल्यावर येतात. म्हणजे चिठ्ठ्या टाकलेल्या होत्या. आणि या चिठ्ठ्या मी ओळखत होते.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी हौशीराम सरांच्या तणनाशकाच्या प्रयोगासाठी घरी स्वयंपाकघरात डब्यात चिठ्ठ्या हलवून आराखडा काढून दिला होता. नियम असा की दर प्रयोगाला नव्या चिठ्ठ्या टाकायच्या. सर दरवर्षी तोच आराखडा वापरायचे. मी दरवर्षी भांडायचे, सर दरवर्षी म्हणायचे, "चिठ्ठ्या चांगल्या पडल्यात, कशाला मोडायच्या?" तो कागद त्यांच्या टेबलाच्या काचेखाली होता, माझ्या अक्षरात. अकरा वर्षांत हाताला इतका सवयीचा झालेला आराखडा त्यांनी सारिकाच्या खाचरातही उतरवला. दुसरा काढायचा तर माझ्याकडे यावं लागलं असतं.

आता जे सांगते ते सांगायला नको वाटतं. हे कळल्यावर मी लगेच उठले नाही. अकरा ते एक, दोन तास मी तो कागद पुढ्यात घेऊन बसून राहिले. उद्या दुपारपर्यंत गप्प बसलं की झालं, एवढंच डोक्यात होतं. सारिका जाईल. चॅनेल जाईल. चिक्कीवाला पुन्हा मला वहिनी म्हणून ओळखेल. मला काहीच करायचं नव्हतं, फक्त बसायचं होतं आणि बसण्यात मी तरबेज आहे. एक वाजता सारिका डबा घेऊन माझ्या दारावरून गेली. तिने आत बघितलं, पण काही विचारलं नाही. तिने विचारलं असतं तर कदाचित मी खोटं बोलले असते. तिने विचारलं नाही, म्हणून मी उठले.

हौशीराम सर खोलीत एकटेच होते. मी माझा कागद काचेवर, खालच्या कागदाच्या अगदी शेजारी ठेवला. तीन, चार, सहा, अकरा. तीन, चार, सहा, अकरा.

सरांनी दोन्हींकडे पाहिलं. चष्मा काढला.

"बसा, अनिताबाई," ते म्हणाले. "खाचर मला मारायचं नव्हतं हो."

मग त्यांनी खणातून वही काढली. तिच्यात सगळं होतं. मंगळवार, दुपारी दोन चाळीस, वारा मंद, रोपाचं वय, औषधाची मात्रा. तिसरा दिवस, पानांची टोकं पिवळी. पाचवा दिवस. आठवा दिवस, आठही तुकड्यांत दहातली नऊ रोपं करपली, न फवारलेले चारही तुकडे निरोगी. चोरून केलेल्या कामाची इतकी स्वच्छ नोंद मी कधी पाहिली नव्हती.

"ती मात्रा बसवायला मला बावीस वर्षं लागली," सर म्हणाले. "पुस्तिकेच्या पाचशे प्रती छापल्या. तीनशे अजून जिन्याखाली आहेत. आणि या मुलीने त्रेचाळीस सेकंदांत ती खोडली. तो व्हिडिओ मला कुणी पाठवला माहितीये? माझ्या सुनेने. 'बाबा, तुमच्याच केंद्रातल्या मॅडम, किती छान सांगतात!' त्या रात्री मला जेवण गेलं नाही."

"मग स्वतःच्या खाचरात करायचं होतं."

"माझ्या खाचराकडे कोण बघतं? तिच्याकडे साठ हजार लोक बघतात. मला खात्री होती की रोपाला काही होणार नाही, फक्त तण मरेल. शनिवारी सगळ्यांसमोर सांगणार होतो की माझी मात्रा मारलीय, बघा, भात कसा डोलतोय." ते चष्मा पुसायला लागले. "ती बरोबर निघाली. रोज ठरवायचो, उद्या सांगू."

तो हेवा मला इतका ओळखीचा होता की मला त्यांची दया आली आणि स्वतःचीही. पण मी म्हटलं, "सर, निरीक्षणं घेतली की ती जाहीर करावी लागतात. हे मला तुम्हीच शिकवलंत."

सरांनी वही बाजूला सारली. मग त्यांनी काच उचलली आणि खालचा कागद बाहेर काढला.

"हा तुमच्या अक्षरात आहे," ते हळूच म्हणाले. "मी उद्या नाही म्हटलं, तर हा कागद तुमच्याकडे बोट दाखवेल. आणि तुम्हाला ती आवडत नाही, हे सगळ्या केंद्राला माहीत आहे."

६

शनिवारी विश्वस्त आले, पाच छत्र्या आणि पाच जोडी गमबूट. खाचर बघून त्यांचे चेहरे पडले. सारिका बांधावर उभी होती. तिला मी आदल्या संध्याकाळी सगळं सांगितलं होतं. हेही सांगितलं होतं की वही सरांकडे आहे, माझ्याकडे फक्त तर्क आहे आणि माझ्याच अक्षरातला कागद. ती सरांकडे गेली नाही. "त्यांचं त्यांनी ठरवू दे," एवढंच म्हणाली होती. मला ते बिलकूल पटलं नव्हतं.

अबरारने लाइव्ह सुरू केलं. एक विश्वस्त म्हणाले, "सारिकाताई, कोवळी रोपं मावळात टिकत नाहीत, असंच म्हणायचं ना?"

सारिकाने तोंड उघडलं, पण आवाज मागून आला.

"नाही. तसं म्हणता येणार नाही."

हौशीराम सर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मोबाइलकडे त्यांनी बघितलंही नाही. ते खाचरात उतरले, वही उघडली आणि त्यांच्या त्या एकसुरी आवाजात तारखेपासून वाचायला लागले. मात्रा, वारा, तिसरा दिवस, पाचवा, आठवा. चार हिरव्या तुकड्यांजवळ एकेक करून जाऊन उभे राहिले. मग वही मिटून म्हणाले, "हे मी कुणाला न विचारता, मत्सरापोटी केलं. औषध मारलं नाही तिथे रोप उत्तम आहे. माझी मात्रा कोवळ्या रोपाला चालत नाही. मी ती तपासली नव्हती, तरी सगळ्यांना सांगत राहिलो. ज्यांनी माझी पुस्तिका वाचून कोवळ्या रोपांवर फवारलं असेल, त्यांची माफी मागतो. आराखडा अनिताबाईंचा आहे, चूक माझी आहे."

येसूबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "आगं बया."

सारिका खाचरात उतरली आणि तिने सरांचा चिखलात रुतलेला पाय काढायला हात दिला. एवढंच. त्यावर विश्वस्तांनी तिथल्या तिथे तिचं कंत्राट आणखी दोन वर्षं वाढवलं. सरांना त्यांनी काय शिक्षा केली? निवृत्तीनंतर दर आठवड्याला चॅनेलवर येऊन 'माझी चूक' या विषयावर बोलायचं.

सोमवारी सकाळी सारिका माझ्या खोलीत आली आणि तिने दार लावून घेतलं.

"ताई, सरांच्या शनिवारच्या व्हिडिओला किती व्ह्यूज झाले हो?"

मला पाठ होतं. दहा मिनिटांपूर्वीच बघितलं होतं. "नऊ लाख बारा हजार."

ती नखं खायला लागली. "माझा सगळ्यात मोठा तीन लाखांचा आहे. तीन वर्षं मरतेय मी! आणि त्यांनी केलं काय? वही वाचून दाखवली नुसती."

"एकदाही कॅमेऱ्याकडे बघितलं नाही," मी म्हटलं.

"आणि लोक काय लिहितायत, 'असे शास्त्रज्ञ आता राहिले नाहीत'! माझं खाचर जाळलं त्यांनी, ताई!"

तिचे डोळे भरून आले होते आणि ते दुःखाने नव्हतं, हे माझ्याइतकं कुणाला कळणार? तीन वर्षांत पहिल्यांदाच ती मला आपल्यातली वाटली. मी तिच्यासाठी खुर्ची ओढली. मग जेवणाच्या सुट्टीपर्यंत आम्ही दोघी हौशीराम सरांबद्दल मनसोक्त वाईट बोललो. इतकी छान सकाळ त्या केंद्रात माझी कधी गेली नव्हती.